थायरॉइडच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: केसांच्या गोळीपासून सुरुवात करा

थायरॉइड कमी काम करतोय, गोळी चालू आहे, तरी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढतं) जागेवर येत नाही म्हणून चांगला तज्ज्ञ शोधायला निघाला असाल, तर सगळ्यात आधी घरातला औषधांचा डबा उघडा आणि त्यात केसांची गोळी आहे का बघा. बायोटिन या जीवनसत्त्वाची. गोळी, कॅप्सूल, चघळायची गमी, कुठल्याही रूपातली. असेल तर तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी ती थांबवायची आहे. मागच्या खेपेला नेमकी हीच राहिली आणि सगळी भेट चुकीच्या रिपोर्टवर झाली, म्हणून ही यादी. कारण पुढे येईलच, पण बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा.

आता डॉक्टर. मुळात तज्ज्ञ लागतोच का? टीएसएच वाढलेला, डोस ठरलेला, रिपोर्ट नीट येतायत, असा साधा हायपोथायरॉइडिझम (कमी काम करणारा थायरॉइड) तुमचे नेहमीचे एमडी मेडिसिन डॉक्टर व्यवस्थित सांभाळतात. त्यासाठी दोनशे किलोमीटर प्रवास करू नका. तज्ज्ञ लागतो तो मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तेव्हा, रुग्ण लहान मूल असेल तेव्हा, हृदयाचा त्रास असेल तेव्हा, गळ्याला गाठ किंवा सूज असेल तेव्हा, अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) किंवा लिथियम (मानसिक आजाराचं औषध) चालू असेल तेव्हा. शिवाय वजनाच्या मानाने पुरेसा डोस घेऊनही टीएसएच उतरत नसेल तेव्हा. पूर्ण भरपाईचा डोस दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. त्याहून बराच जास्त घेऊनही टीएसएच चढाच असेल तर गोळी अंगी लागत नाहीये, आणि का लागत नाही ते कुणीतरी शोधायला हवं.

अजून एक प्रकार आहे, तो सहज निसटतो. एफटी४ (रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक) कमी, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमीच. इथे बिघाड बहुधा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत असतो आणि नुसता टीएसएच पाहणाऱ्याला तो दिसत नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, असं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. अशा रुग्णाचा कॉर्टिसोल (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) आधी तपासावा लागतो. तो कमी असताना नुसती थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

पाटीवर ‘थायरॉइड स्पेशालिस्ट’ लिहिलंय म्हणून आत शिरू नका, ती पदवी नव्हे. डीएम एंडोक्रायनॉलॉजी किंवा डीआरएनबी एंडोक्रायनॉलॉजी (संप्रेरकं आणि ग्रंथींचा विषय) ही अक्षरं शोधा. जुन्या पिढीतल्या डॉक्टरांकडे हीच पदवी डीएनबी नावाने असते. एमडीनंतर तीन वर्षं याच विषयाची असतात. ‘डायबेटॉलॉजिस्ट’ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टच असं नाही, त्यामुळे पदवी विचारा. चांगला डॉक्टर विचारल्यावर रागावत नाही. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत पडताळता येतो. खासगी परवडत नसेल तर मुंबईत परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, केस पेपरसाठी सकाळी लवकर पोचा आणि अख्खा दिवस मोकळा ठेवा. ‘थायरॉइड मुळासकट घालवतो, गोळी सुटेल’ म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका. ग्रंथीच काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्तीने ती खाऊन टाकली असेल, तर गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत शरीर पुन्हा मंदावतं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हा खेळ जिवाशी असतो.

कागद. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, हे सांगायला नको. पण त्यावर एक कोरा कागद ठेवा आणि हाताने रकाने आखा: तारीख, टीएसएच, एफटी४, त्या दिवशी चालू असलेला डोस, गोळीची कंपनी, लॅब. डोसचा रकाना कुणीच भरत नाही आणि डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो. ‘टीएसएच ८’ हा आकडा ५० मायक्रोग्रॅमवर आला की १०० वर, यावर पुढचं सगळं ठरतं. याच कागदावर सातवा रकाना काढा: केसांची गोळी चालू होती का, हो की नाही. आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, पण रकाना रिकामा ठेवू नका.

गोळीची बाटली किंवा पाकीट सोबत न्या. ‘पांढरी, छोटी’ यावरून काही कळत नाही. २५, ५०, ७५, ८८, १०० अशा कितीतरी ताकदी मिळतात आणि औषधाच्या दुकानातून भलतीच घरी आलेली असू शकते. मधेच कंपनी बदलली असेल तर ती तारीखही लिहा. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवत असाल तर हलवा. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी ही गोळी निकामी होते, आणि पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर लवकरच.

गोळी कशी घेता ते खरं लिहा. उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहाच्या आधी अर्धा ते एक तास, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. प्रत्यक्षात गोळी जिभेवर आणि चहाचा कप हातात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. डिलिव्हरीनंतर किंवा रक्त कमी आहे म्हणून दिलेल्या गोळ्या नाश्त्याबरोबर घेतल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. ॲसिडिटीची रोजची गोळी आणि सोयाबीनही शोषण कमी करतात. आठवड्यात किती गोळ्या चुकतात तेही लिहा. दोन चुकत असतील तर दोन. लपवलंत तर डोस वाढवला जाईल, आणि पुढे रोज नीट घ्यायला लागलात की छाती धडधडेल. कोबी-फ्लॉवर मात्र सोडू नका. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गोळी घेणाऱ्याचं काही बिघडत नाही.

आता रक्त, आणि पुन्हा तीच गोळी. टीएसएच मोजायच्या बऱ्याच यंत्रांत बायोटिनचाच चिकटवण्यासाठी वापर होतो. टीएसएचला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी पकडतात, त्यातल्या एकीला बायोटिनची शेपटी असते, आणि ती शेपटी यंत्रातल्या बारीक मण्यांना घट्ट चिकटते. तुमच्या रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असलं की मण्यांवरच्या जागा तेच अडवतं. टीएसएच धरलेली जोडी चिकटत नाही, धुवून जाते आणि यंत्र आकडा कमी दाखवतं. एफटी४ ची पद्धत उलटी असल्याने तिथे आकडा जास्त येतो. म्हणजे टीएसएच कमी, एफटी४ जास्त. कागदावर हे हुबेहूब ‘डोस जास्त होतोय’ असं दिसतं. डॉक्टर डोस कमी करतात. मग थायरॉइड कमी पडून केस आणखी गळतात, आणि माणूस केसांची गोळी आणखी नेमाने घेतो.

शरीराला दिवसाला बायोटिन लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. केसांच्या गोळ्यांत ते ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ५ ते १० मिलीग्रॅम. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ‘केस, त्वचा, नखं’ असं लिहिलेल्या जवळपास प्रत्येक डबीत ते सापडेल. काही मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं. रक्त द्यायच्या आधी किमान दोन पूर्ण दिवस ती बंद हवी. गोळी १० मिलीग्रॅमची असेल तर तीन-चार दिवस सोडा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा याहून फार मोठा डोस असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. चार दिवसांनी केसांचं काहीही बिघडत नाही. आणि इथे गोंधळ करू नका: बंद करायची ती केसांची गोळी, थायरॉइडची नाही. थायरॉइडची रोज चालू, फक्त तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या, कारण आधी घेतली तर एफटी४ काही तास वर जातं.

रक्त दर वेळी सकाळी, त्याच सुमारास, शक्यतो त्याच लॅबमध्ये. दुपारनंतर टीएसएच आपोआप उतरतो. डोस बदलून सहा आठवडे झाले नसतील तर तपासणीचे पैसे वाया घालवू नका. या औषधाचा अंगात अर्धा भाग उरायलाच आठवडा लागतो, स्थिर व्हायला पाच-सहा. टीएसएच आणि एफटी४ पुरे. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी) आयुष्यात एकदा झाली की झाली. टी३ (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक) ची तपासणी कमी काम करणाऱ्या थायरॉइडमध्ये सहसा लागत नाही.

डॉक्टरांनी ‘काय काय औषधं चालू आहेत?’ विचारलं की लोक ‘फक्त थायरॉइडची’ म्हणतात. केसांची गोळी ते औषधात धरतच नाहीत. तुम्ही धरा. तोंडी विसराल, म्हणून ती डबीसुद्धा पिशवीत टाका.

डॉक्टर बरा आहे का, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. गळ्याला हात लावून बघितलं का, गोळी कशी घेता ते विचारलं का, वय आणि हृदय बघून डोस ठरवला का. सत्तरीच्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी १०० लिहून दिले तर दुसरं मत घ्या, सुरुवात १२.५ किंवा २५ ने होते. टीएसएच एकदाच ६-७ आला, बाकी काही त्रास नाही, दिवसही गेलेले नाहीत, तरी आयुष्यभराची गोळी लिहिली तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू का, असं विचारा. गाठ नसताना सोनोग्राफी कशासाठी, तेही विचारा.

दिवस गेल्याचं कळलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. डोस बहुधा पंचवीस ते तीस टक्क्यांनी लगेच वाढवतात.

निघताना नवा डोस, गोळीची कंपनी आणि पुढच्या रक्ताची तारीख लिहून घ्या. सहा ते आठ आठवड्यांनंतरची असेल. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चार दिवस आधीच्या चौकोनात लिहा: केसांची गोळी बंद.