एसी रूममधून थेट रेनफॉरेस्टमध्ये? लेन्सवर वाफ धरू नये म्हणून

पहाटे गाईड हाक मारतो, आपण एसी रूममधून कॅमेरा घेऊन बाहेर पडतो आणि समोर हॉर्नबिल बसलेला असताना लेन्स दुधाळ! पुसली की परत वाफ धरते, कारण काच अजून गारच असते.

यावर साधा उपाय:

१. रात्री रूममध्येच कॅमेरा लेन्ससकट मोठ्या झिपलॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि घट्ट बंद करा. बॅटरी चार्जिंग, कार्ड बदलणं वगैरे आधीच उरका.

२. निघायच्या पाऊणएक तास आधी ती बंद पिशवी बाहेर व्हरांड्यात ठेवा, माकडं असतील तर आपणही तिथेच बसा. मोठ्या टेलीला (दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सला) जास्त वेळ लागतो, धातू आणि काच भरपूर असते ना. वाफ धरली तर ती पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, आत नाही.

३. पिशवी गार लागेनाशी झाली की मगच उघडा.

एसी बंद करून पंख्यावर झोपायची तयारी असेल तर ही भानगडच नको, पण रूममेट ऐकायला हवा.

तरी वाफ धरलीच तर लेन्स काढू नका, दमट हवा आत सेन्सरवर जाते, आणि हेअर ड्रायर तर अजिबात मारू नका. समोरची काच मायक्रोफायबरने हलकेच टिपा आणि थांबा.