नळाची धार बारीक आणि पाइपांत धडधड: पंप आणण्याआधी या चुका टाळा

मे महिन्याच्या सुटीत किंवा गणपतीच्या चार दिवस आधी गावचे बंद घर उघडले जाते, मोरीतला नळ सोडला जातो आणि पाण्याऐवजी आधी हवेचे फुसकारे, मग तांबूस पाणी आणि शेवटी करंगळीएवढी धार हाती लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत हेच घडते. अशा वेळी होणारी पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दाब नेमका कुठे खर्च होतो आहे हे न शोधता दाब वाढवणारा पंप विकत आणणे. पाण्याला दाब नसणे वेगळे आणि पाण्याची वाट अडलेली असणे वेगळे. अडलेल्या वाटेवर जोर लावला, तर वाट मोकळी होत नाही. सर्वांत कच्चा जोड तेवढा निखळतो.

आमच्या घरी हे घडले आहे. पंप बसवल्यानंतर तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरामागच्या भिंतीतला एल्बो, म्हणजे वळणावरचा काटकोनी जोड, सुटला आणि चिऱ्याची भिंत पायथ्यापर्यंत भिजली. तो पाऊण इंची लोखंडी पाइप कापून बाहेर काढला, तेव्हा बाहेरचा रंग जवळजवळ शाबूत होता, पण आत गंजाचे खवले एकावर एक बसून पेन्सिल जेमतेम जाईल एवढेच भोक उरले होते. जांभ्यातून झिरपून विहिरीत येणारे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. ते पाइपाच्या आतला जस्ताचा मुलामा हळूहळू खाते आणि नंतर लोखंडाला लागते. किनाऱ्यावरची खारी हवा बाहेरून, विशेषतः आट्यांच्या जोडांवर, तेच काम करते. म्हणून जुन्या लोखंडी पाइपाची तब्येत बाहेरून पाहून ठरवू नये. एखादा जोड सोडून आत डोकावावे.

शोधाची सुरुवात बादलीने करावी. १० लिटरची बादली प्रत्येक नळाखाली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते लिहून काढावे. एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष त्या नळाच्या तोंडच्या जाळीत, वॉशरमध्ये किंवा भिंतीतल्या कॉकमध्ये असतो. गरम पाण्याचीच धार बारीक असेल, तर गीझरच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह गाळाने धरलेला असण्याची शक्यता मोठी. सगळेच नळ मंद असतील, तर टाकीपाशी जावे. तिथला चाकाचा व्हॉल्व्ह फसवा असतो: आतली पट्टी दांड्यापासून तुटून वाटेत पडते आणि वर चाक मात्र सुरळीत फिरत राहते. चाक फिरले म्हणजे व्हॉल्व्ह उघडला, असे समजू नये.

यानंतर उंचीचा हिशेब येतो, आणि कोकणातल्या घरांत तो फार महत्त्वाचा आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. कौलारू घराला गच्ची नसते, त्यामुळे टाकी बहुधा न्हाणीघराच्या छोट्या स्लॅबवर बसवलेली असते. तिथून खालच्या नळापर्यंतचा फरक दोन मीटरांच्या आसपास, म्हणजे दाब अवघा ०.२. एवढ्या दाबावर मोठ्या ताटलीचा शॉवर चालत नाही, आणि त्यात शॉवरचा काही दोष नसतो. मात्र टाकी उंच करण्याच्या घाईत आणखी मोठी चूक होऊ शकते. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. खाऱ्या हवेत गंजलेल्या लोखंडी अँगलच्या स्टँडवर ते चढवणे जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा पाइपाचा व्यास वाढवणे सोपे. व्यास निम्मा झाला की वाट एक-चतुर्थांश उरते, शिवाय घर्षण वाढते ते वेगळेच. म्हणून टाकीतून निघणारा मुख्य पाइप सव्वा इंची, निदान एक इंची असावा, फाटे पाऊण इंची असावेत, आणि अर्धा इंची पाइप फक्त नळाजवळच्या शेवटच्या हातभर अंतरासाठी ठेवावा. आम्ही अखेर हेच केले, आणि पंप काढून ठेवला.

पाइप दरवाजाच्या चौकटीवरून कमानीसारखा चढवून उतरवणे हीही नेहमीची चूक. त्या उंचवट्यात हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. पाइपाला टाकीपासून नळापर्यंत सलग उतार ठेवावा, आणि टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक हवेची नळी उभी करून तिचे तोंड टाकीच्या माथ्यापेक्षा वर न्यावे.

आवाजाकडे उपद्रव म्हणून नव्हे, तर खूण म्हणून पाहावे. नळ अर्धवट उघडल्यावर घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर आतला वॉशर सैल झाला आहे. टाकी भरत आल्यावर भिंत गुणगुणत असेल, तर बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या नळाचा, तरंगता गोळा लाटांवर हिंदकळतो आहे. गरम पाणी सुरू केल्यावर थोड्या वेळाने टकटक ऐकू येत असेल, तर प्लास्टिकचा पाइप लांबतो आहे: तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला, तर सात-आठ मिलिमीटर वाढतो. त्याला सिमेंटमध्ये घट्ट चिणून टाकले, तर तो सरकायला जागा शोधणारच.

खरी काळजी करावी ती पंप बंद होताना येणाऱ्या दणक्याची. विहीर खाली बागेत, घर वर चढावर आणि मध्ये लांबच लांब पाइप, ही आपल्याकडची सर्रास मांडणी. पावसाळ्यात वीज जाते, पंप क्षणात थांबतो, चढलेला पाण्याचा स्तंभ मागे येतो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, झडपेवर आदळतो. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम अडले, तर दाब सुमारे १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने उसळतो. प्लास्टिकच्या पाइपात तो कमी, पण जोड हलवायला पुरेसा असतो. यावर पाइपाला नुसते दोरीने बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. पाणी मागे वळण्यापूर्वीच मिटणारा स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पंपाजवळ बसवावा, आणि प्रत्येक वळणावर पाइपाला पक्का आधार द्यावा.

उन्हाळ्यातली फसगत वेगळी असते. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी खाली जाते, पंपाच्या ओढपाइपाच्या विहिरीतल्या टोकाला असलेला जाळीचा फूट व्हॉल्व्ह पृष्ठभागाजवळ येतो आणि पाण्याबरोबर हवाही ओढतो. नळ खोकल्यासारखे उसळत वाहतात. अशा वेळी जास्त अश्वशक्तीचा पंप आणून उपयोग होत नाही. काठावरचा साधा पंप हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी वर ओढतो. ही मर्यादा हिशेबाने १० मीटर आणि व्यवहारात सातेक मीटर आहे. पाणी त्याखाली गेले, तर पंपच खाली, विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावा लागतो किंवा पाणबुडी पंप घ्यावा लागतो. फूट व्हॉल्व्हच्या जाळीवर किमान दीड-दोन फूट पाणी राहील आणि ती तळच्या गाळाला टेकणार नाही, एवढे दोरी सोडून मोजून घ्यावे. हे मोजमाप मार्चअखेरच केले, तर मे महिन्यात माणसांनी घर भरलेले असताना विहिरीत उतरण्याची वेळ येत नाही.