शाळेत परतू की घरूनच शिकू? निर्णय घेताना या चुका टाळा

सकाळचे सव्वासात. गणवेश खुर्चीवर, डबा भरलेला, बालरथ म्हणजे शाळेची बस फाट्यावर यायला दहा मिनिटं. तुझ्या पोटात मात्र पिळवटून येतंय, तळहात गार पडलेत. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आज राहा घरी." साडेआठला पोट ठीक असतं, आणि मग सगळ्यांनाच, अगदी तुलाही वाटतं, हे नाटक तर नव्हतं? नव्हतं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं आणि पचनाचं काम मंदावतं. धोका टळला असं वाटलं की सगळं उतरतं. अडचण या उतरण्यातच आहे. "घरी राहिलं म्हणून बरं वाटलं" हा धडा मेंदू पाठ करतो आणि उद्याची भीती पहाटेच जागी होते.

घरून शिकून छान पुढे गेलेली मुलं आहेत, शाळेत परतून रमलेलीही आहेत. घोळ होतो तो निर्णय घेण्याच्या पद्धतीत.

सकाळी सात वाजता निर्णय घेणं

भीती टिपेला असताना "मी शाळाच सोडते" हे वाक्य खरं वाटतंच. परीक्षेच्या आठवड्यात, रविवारी रात्री किंवा चतुर्थीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशीही तेच. शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आईबाबा दोघं घरी असताना बसा. "तुमचं दोघांचं एकमत होईपर्यंत मला काही सांगू नका," असं त्यांना आधीच बजाव. एक ओढतो आणि दुसरा सोडतो, अशा घरात भीती सगळ्यात लवकर वाढते.

"शाळा" हेच कारण समजणं

शाळा म्हणजे चाळीस वेगवेगळ्या गोष्टी. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने कर: वेळ, जागा, भीती (0 ते 10). "7.25, बालरथ, 8. गणिताचा तास, 4. मधली सुट्टी, 9." असं लिहिलं की चित्र पालटतं. मधल्या सुट्टीला 9 असेल तर त्रास बहुधा अभ्यासाचा नाही, एकटेपणाचा किंवा कुणाच्या तरी छळाचा आहे. छळ होत असेल तर धीटपणा शिकण्याच्या आधी तो थांबायला हवा. वर्गशिक्षकांकडे तारखांसह लेखी तक्रार द्यायला सांग. मोठ्यानं वाचायच्या तासालाच 9 येत असेल तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. शाळेतलं शौचालय वापरता येत नाही, एवढ्या एका कारणानं दिवसभर पाणी न पिणारी मुलंही असतात. ते सांगायला लाज वाटते, म्हणून वहीत लिही.

चक्कर, थकवा, वजन घटणं असं काही असेल तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. मात्र तपासण्यांवर तपासण्या करत महिने घालवू नका.

आधी दाखला काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की परत जाणं म्हणजे नवा प्रवेश: जागा असेल तर, शाळेनं होकार दिला तर. शिक्षण हक्क कायदा वयानुसार वर्गात प्रवेशाचा हक्क देतो, पण 6 ते 14 या वयापुरता. नववी-दहावीच्या मुलांना बहुधा ते कवच उरलेलं नसतं. म्हणून नाव पटावर ठेवूनच वैद्यकीय रजा मागा, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि आजवर हजेरी किती झाली, किती लागेल, हे शाळेकडून लेखी घ्या.

सोमवारी एकदम पूर्ण दिवस जाणं

दीड महिन्यानंतर सोमवारी आठ तासिका बसायला गेलं की बहुतेक वेळा मंगळवारी पुन्हा घरी. बुधवारी सुरुवात कर, म्हणजे सुट्टी तीनच दिवसांवर असते. पायऱ्या साधारण अशा: शाळा सुटल्यावर संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन पंधरा मिनिटं थांबणं, मग वाचनालयात एक तास, मग सगळ्यात सोप्या विषयाच्या दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग मधली सुट्टी धरून, शेवटी पूर्ण दिवस. भीती सुरुवातीच्या निम्म्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांब, मग दोन दिवस लागोत की सहा. जमलं नाही तर एकच पायरी खाली ये, शून्यावर नको. आणि भीती 9 वर असताना पळून घरी येऊ नकोस. ठरलेल्या खोलीत जा, पाणी पी, 6 वर येऊ दे, मग निघ. नऊवर निघालं की पुन्हा तोच जुना धडा पाठ होतो.

यासाठी शाळेकडून तीन गोष्टी आधी ठरवून घ्या: एक शिक्षक किंवा समुपदेशक, बसायला एक जागा, आणि काही न बोलता वर्गाबाहेर जाता येईल असं कार्ड. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून बऱ्याच शाळांत समुपदेशक येतात; त्यांचा वार विचारून घे. पहिला आठवडा तुला उभं करून प्रश्न विचारू नयेत, हेही शिक्षकांना सांगता येतं.

वर्गात कुणीतरी विचारणारच, "इतले दीस खंय रे?" उत्तर आधीच घोकून ठेव: "बरें नाशिल्लें. आतां येतां." (बरं नव्हतं, आता येतोय.) एवढंच. लांब खुलासा दिला की त्यावर पुढचे प्रश्न येतात.

घरून शिकणं म्हणजे फक्त शाळेत न जाणं, असं समजणं

घरचा मार्ग घ्यायचा तर परीक्षेचं मंडळ आधी ठरव. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, 1989 पासून आहे. दहावीसाठी वय 14 पूर्ण हवं, पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा. घाबरणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं वरदान आहे: हवं तर एका वेळी दोनच विषय देता येतात.

चुकतं कुठे? शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायांना 20 टक्के भार असतो, ते वेळेत द्यायचे राहून जातात. विज्ञानाची प्रात्यक्षिकं अभ्यास केंद्रावर जाऊनच करावी लागतात. आणि परीक्षा अनोळखी केंद्रात, अनोळखी मुलांमध्ये द्यायची असते. वर्षभर घराबाहेर न पडलेल्याला ती शाळेपेक्षा जड जाते.

म्हणून घरी राहिलं तरी भीतीवरचं काम चालूच राहिलं पाहिजे. रोज सातला उठणं, अंघोळ, कपडे बदलणं, तीन ते चार तास अभ्यास. त्या तासांत मोबाईल दिवाणखान्यात. शिक्षा म्हणून नव्हे, तर दुपारी तीनपर्यंत चालणारे व्हिडिओ रात्रीची झोप खातात म्हणून. आठवड्यातून तीनदा तरी माणसांत जायचं: गावातलं भजन, फुटबॉलचं मैदान, तबल्याचा वर्ग. पणजीजवळ असशील तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून अभ्यास कर. माणसं असतात, पण बोलायची सक्ती नसते.

सहा आठवड्यांनी वही उघड. बाहेर जायचे दिवस वाढले का, आकडे उतरले का? घरी राहून दुकानात जाण्याचीही भीती वाटू लागली असेल तर हा मार्ग, निदान या पद्धतीनं, तुला मानवत नाही.

मदतीला उशीर करणं

दोन-तीन आठवडे शाळा चुकली की मानसोपचारतज्ज्ञ गाठा. बांबोळीला गोमेकॉजवळच, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ, आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. पण जेवण सुटलं असेल, रात्र रात्र झोप नसेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर शाळा-घराचा विचार बाजूला ठेव. आजच घरातल्या मोठ्या माणसाला सांग. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मुलांसाठी 1098 आहे. दोन्हींना पैसे लागत नाहीत. फोनवर काय बोलायचं सुचलं नाही तर "मला भीती वाटतेय" एवढं म्हण, पुढचं तेच विचारतील.