सातारा ते यवतमाळ: बिऱ्हाड हलवण्याआधी

पहिल्या फेरीत बिऱ्हाड आणूच नका. शिक्षकाच्या नेमणुकीचा किंवा बदलीचा आदेश हातात पडला रे पडला की आपल्या सातारा-सांगलीकडची मंडळी आधी टेम्पोवाल्याला फोन लावतात. तो फोन दिवाळीनंतर लावा. अंथरूण-पांघरूण, चार भांडी, एक शेगडी आणि कागदपत्रांची फाईल एवढ्यावर या. खोली घ्या, शाळा बघा, नळ किती दिवसाआड येतो ते बघा, मग काय आणायचं ते ठरवा. इकडे दर वर्षी नवी तुकडी येते आणि दर वर्षी कुणाचं ना कुणाचं कपाट यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी अडकून पडतं. भोवती दहा माणसं जमतात आणि त्यातला एखादा म्हातारा हमखास विचारतो, "गुर्जी, एवढं सागवान तिकडून कायले आनलं? सागवानाच्याच जिल्ह्यात आले नं तुम्ही!"

म्हाताऱ्याचं काही चुकत नाही. कपाट, पलंग, टेबल इथल्या सुताराकडून करून घ्या, नाहीतर बदलून चाललेल्या एखाद्या बँकवाल्याकडून जुनं उचला. दर उन्हाळ्यात कुणीतरी चाललेलंच असतं.

आता पैसे. बहुतेक जण खर्च म्हणजे गाडीभाडं एवढंच धरतात आणि तिथेच अडकतात. पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून निवड झालेला शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो. प्राथमिकला हे मानधन 2023 पासून महिना 16 हजार आहे. त्याआधी 6 हजारच होतं, त्यामुळे जुने लोक तुम्हाला नशीबवान म्हणतील. म्हणू द्या. पण ते पहिल्याच महिन्यात खात्यावर पडेल असं धरून चालू नका. शालार्थ या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नाव चढायचं, आयडी मिळायचा, बिल निघायचं, मग पैसे. बदलून आलेल्यांची तऱ्हा वेगळी. जुन्या पंचायत समितीकडून एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, आल्याशिवाय इथे पगार निघत नाही, आणि ती टपालाने येईल म्हणून बसलात तर दिवाळी कोरडी जाईल. कार्यमुक्त होतानाच हातात मागा. सेवापुस्तकात शेवटची वेतनवाढ चढलीय का, रजेचा हिशेब लिहिलाय का, ते त्याच टेबलाशी उभं राहून पानं उलटून बघा. एकदा सहाशे-सातशे किलोमीटर इकडे आलात की त्या टेबलावरचा माणूस तुमचा फोन उचलत नाही. विनंती बदली असेल तर सामान हलवायचा सरकारी भत्ताही नाही. सगळं खिशातून.

म्हणून तीन महिन्यांचं घरभाडं, किराणा आणि एकदा गावी जाऊन यायचा खर्च आधी बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही. उरतील त्यात बिऱ्हाड. उरत नसतील तर चटईवर झोपा, कुणी हसत नाही.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. मागे सांगलीकडचं एक जोडपं आलं, दोघंही शिक्षक. ऐन मे महिन्यात, फोनवर भाव ठरवून, अख्खं घर बांधून आणलं. सामानाची यादी नाही, पावती नाही, "पोचवून देतो मॅडम" एवढ्या शब्दावर निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ दिलेले. पॅकर्सवाल्याने त्यांचं सामान आणखी दोघांच्या सामानाबरोबर एका मोठ्या गाडीत भरलं. ते अकोल्याच्या एका गोदामात उतरलं, तिथे पडून राहिलं, आणि कधीतरी आठवड्याने यवतमाळच्या बायपासला येऊन थांबलं. मोठी गाडी गावात शिरत नाही म्हणून छोट्या गाडीचे वेगळे पैसे. थांबल्याचे वेगळे. उतरवणाऱ्यांचे वेगळे. "आधी पैसे टाका, मग दोर सोडतो." पारा 45 च्या वर, रस्त्याच्या कडेला सावली नाही, आणि पगार तर अजून सुरूच झालेला नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी उसने दिले. सोफा उघडला तर पाय तुटलेला. भरताना तो धड होता हे दाखवायला ना यादी होती ना फोटो, आणि विमा तर काढलाच नव्हता.

तेव्हा गाडी ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा, की गाडी एकट्या माझ्या सामानाची की वाटून? स्वस्तातली बहुतेक वाटूनच असते. त्यात गैर काही नाही, पण मग सामान मधे कुठे उतरणार आणि किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. भाड्यात टोल, चढाई, उतराई, ड्रायव्हरचा भत्ता यांतलं काय काय धरलंय ते विचारा. गाडी दारापर्यंत येणार की फाट्यापर्यंत, हेही. नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, गल्लीचा फोटो पाठवा. यादी दोन प्रतींत करा, टीव्ही-फ्रीज चालू असतानाचे फोटो काढा, बिल्टी (वाहतुकीची पावती) घ्या, आणि निम्मे पैसे सामान खाली उतरल्यावरच द्या. वापरातल्या घरसामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. समजा भाडं 25 हजार ठरलं, तर हमाली, मधली छोटी गाडी आणि वाटखर्चाचे 8-10 हजार वर धरा, आणि पोचल्यावरच्या कूलर, ड्रम, पंखे, पडद्यांसाठी 15 हजार ठेवा. म्हणजे 25 चे 50 होतात. वहीत 50 लिहा.

भाडं कमी करायचा एक चांगला मार्ग आहे, आणि तोही दिवाळीच्या आगेमागेच. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडचा आंबिया बहाराचा संत्रा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. तो घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात आलेल्या गाडीला परतीचं भाडं हवंच असतं, आणि ते जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला गाठा आणि सामान बांधून तयार ठेवा, कारण गाडी आज आहे म्हणजे आजच आहे. तळाच्या फळ्यांना फळांचा ओलावा आणि चिकटा असतो, ताडपत्री अंथरल्याशिवाय गादी टाकू नका. ही गाडी अमरावतीपर्यंत येईल. तिथून पुढे पिकअप लागते, आणि ती आठ दिवस आधी सांगून ठेवा. त्याच दिवसांत इकडच्या पिकअप कापूस भरून जिनिंगच्या दारात रांगेत उभ्या असतात. शेतकऱ्याचा कापूस सोडून तुमचा फ्रीज आणायला कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

बाकीचं पटकन. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते आणि त्याच कागदावर इथे नवं कनेक्शन होतं. मोटारसायकल रेल्वे पार्सलने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला पाठवा. टाकीतलं पेट्रोल आधी काढावं लागतं, आरसीची झेरॉक्स लागते. गाडी चालवत येण्याचा पराक्रम करणार असाल तर समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, हे लक्षात ठेवा. कारने येणाऱ्यांनी टायर बघून घ्यावेत. गाडी महाराष्ट्रातलीच, त्यामुळे नव्या नंबराची भानगड नाही. मुलांचा दाखला आणा, घाई मात्र नको, उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या मागाहून उघडतात. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहायचं की तालुक्याला, हा वाद मी इथे काढत नाही.

घर बघताना आपली माणसं टाइल्स बघतात. वर बघा. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली भाड्याने कधीही घेऊ नका, कितीही नवी कोरी असली तरी. एप्रिल-मे मध्ये तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत अंगावर ओकत राहतो. तळमजला घ्या, किंवा जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मिळालं तर डोळे झाकून घ्या. पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, ते घरमालक करणार की तुम्ही, एवढं बोलून ठेवा. घरमालक करारनाम्याचं नाव काढणार नाहीत, "कागद कायले पाह्यजे, तुमी घरचेच" म्हणतील. प्रेमाने म्हणतात, खोटं नाही. तरी कागद करा.

पाण्याचं विचारताना "पाणी आहे का" असं विचारू नका, आहे असंच उत्तर येतं. किती दिवसाआड, किती वेळ, आणि मे महिन्यात काय, असं विचारा. 200 लिटरचे दोन ड्रम पहिल्याच आठवड्यात घ्या. यवतमाळ जिल्ह्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि ते उकळून जात नाही. त्या भागात शाळा असेल तर प्यायला आरओचंच पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेकाठी नेमणूक असेल तर तिथे खारपाणपट्टा, विहिरीच्या खारट पाण्यात डाळ शिजत नाही.

कूलर. हवा कोरडी असते म्हणून इकडे कूलर एसीपेक्षा उपयोगी पडतो, आणि ज्या खिडकीत तो बसणार ती बाहेर उघडणारी हवी, समोरचं दार किलकिलं ठेवायचं. भर उन्हाळ्यात तो दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी पितो, म्हणून वर सांगितलेले ड्रम. कूलरच्या बाजूंच्या, पाणी झिरपणाऱ्या ताट्या दर मार्चमध्ये बदला. हे सगळं तुम्ही शिकाल. जे शिकायला दुसरी संधी मिळत नाही ते असं: पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग हाताने ओढून काढायचा. नुसतं बटण नाही. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, नसेल तर तुमच्या पैशाने करा. फायबरची बॉडी मिळाली तर तीच घ्या. मी भेटेन त्याला हे सांगतो, माझी बायको म्हणते लग्नात पण सांगतो. सांगतो.

माणसांविषयी थोडं. इकडची माणसं मोकळी आहेत, हॉटेलात चहाचे पैसे देऊ देणार नाहीत, आणि मे महिन्यात लग्नाच्या पत्रिकांचा ढीग लागेल. जा. आलू-वांग्याची भाजी आणि वरण-भात पंगतीत बसून खा, आहेराचे पैसे महिन्याच्या हिशेबात धरा. काम सांगितलं की "होऊन जाईन" म्हणतील, कधी ते मात्र विचारावं लागतं. खरा त्रास आपल्याच लोकांचा. पाच जण एक खोली करून राहतात, रोज संध्याकाळी ऊस, धरण आणि कोल्हापूरच्या रश्श्यावर बोलतात आणि इथलं सगळं कसं मागास आहे ते एकमेकांना पटवतात. पोळ्याला गावात बैलांची रांग तोरणाखाली उभी असते, आणि हे सुट्टी जोडून गावी पळालेले. त्या खोलीत भाडं कमी पडतं हे खरं. पहिले दोन महिने राहा, मग निघा.

आणि गावी जाण्याचा खर्च. वर्षातून दोनदा धरा, दिवाळी आणि उन्हाळा. खाजगी ट्रॅव्हल्सने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा सरकारचा नियम 2018 पासून आहे. दिवाळीत तो कुणाच्या लक्षात नसतो. एसटीत महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, आणि आईवडील तुमच्याकडे येणार असतील तर 75 च्या वर वय असल्यास फुकट. लांबच्या प्रवासात मात्र रेल्वेच बरी. दारव्ह्यातून जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे केव्हाच बंद पडली. जुनी माणसं तिच्या गोष्टी सांगतात, त्या ऐका आणि बडनेऱ्याची बस धरा. तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करत जाते. आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. म्हणजे दिवाळीचं तिकीट गणपतीच्या आसपासच काढायचं, आणि वाडी-वस्तीवर त्या वेळी नेमकं नेट नसतं, म्हणून आदल्या रात्री तालुक्याला कुणाकडे तरी मुक्कामाला या. माझ्याकडे आलात तरी चालेल, फक्त आधी फोन करा.