खुळखुळा ओळखायचा तर दोनदा जा

दोन वर्षं मी तागाच्या झाडालाच रानातला खुळखुळा म्हणत होते, आणि तेही शेजारच्या सुनेला शिकवण्याच्या थाटात. तिच्या माहेरची शेती इंदूरजवळ सांवेरकडे. तिच्या वडिलांनी फोटो पाहिला आणि हसून म्हणाले, "ताई, ही तर आमची सनई. नांगरून जमिनीत गाडतो ती." सनई म्हणजे इकडच्या हिंदीत ताग. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ज्या इंदुरात बसून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' घडवली, तिथे राहून मला हिरवळीचं खत ओळखता येऊ नये!

चूक अशी झाली की मी फक्त फुलाचा फोटो काढत होते. ताग आणि रानातला खुळखुळा, म्हणजे क्रोटालारिया रेटुसा, हे सख्खे भाऊच. दोघांची फुलं पिवळी, वाटाण्याच्या फुलासारख्या घडणीची, शेंड्याला तुऱ्यात लागलेली. मागच्या मोठ्या पाकळीवरच्या लालसर रेषा बघून भुलू नका, तशा रेषा तागालाही असतात.

म्हणून फूल सोडा, पान धरा. खुळखुळ्याचं पान देठाकडे निमुळतं आणि वर रुंद होत जातं. टोक गोल, आणि बहुतेकदा मधोमध चिमटा काढल्यासारखी छोटी खाच. रेटुसा हे नाव त्या खाचेवरूनच पडलं. तागाचं पान अरुंद, लांबट, दोन्हीकडे निमुळतं. एका देठावर तीन-तीन पानं दिसली तर ती तिसरीच चुलत भावंडं. फूल निळसर-जांभळं असेल तर ते झाड खुळखुळ्याच्याच गोतातलं असू शकतं, पण आपलं नाही.

पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खंडवा रोडच्या कडेला किंवा पातालपाणीच्या वाटेवर शोधा. झाड साधारण कमरेएवढं. ताग मात्र डोक्याच्या वर जाऊ शकतो.

फुलाशी एक खेळ जरूर करा. खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारखी नाव होते, तिचं टोक चोचीसारखं वळलेलं असतं. नाव बोटाने हलकेच खाली दाबा. सोऱ्यातून शेव यावी तसा चोचीतून पराग बाहेर येतो. भुंगा बसला की त्याच्या वजनाने हेच होतं. ओळख पटवायला याचा उपयोग नाही, तागही असंच करतो. मला आवडतं म्हणून सांगितलं.

मग घरी या आणि डिसेंबरात त्याच जागी पुन्हा जा. खरी परीक्षा शेंगेची. खुळखुळ्याची शेंग तीन-चार सेंटिमीटरची, फुगीर, वाळली की काळपट, आणि हाताला गुळगुळीत. तागाची शेंग मखमली, बारीक लव असलेली. वाजतात दोन्ही, कारण आत बिया सुट्या होतात. इकडे हिंदीत याला झुनझुनिया म्हणतात ते त्यामुळेच. तेव्हा कानाला लावण्याआधी अंगठा फिरवून बघा.

बिया मुलांच्या हाती खेळायला देऊ नका, नावावर जाऊ नका. या झाडात यकृताला घातक अल्कलॉइडं असतात, आणि वाळल्यावरही ती जात नाहीत. म्हणून चाऱ्यात मिसळलेला खुळखुळा गुरांना बाधतो. ब्लू टायगर जातीची नर फुलपाखरं मात्र हेच विष मिळवायला सुकलेल्या झाडांवर गर्दी करतात, मादीला भुलवणारा गंध त्यातूनच बनतो. अशी गर्दी दिसली की झाडाजवळ जाऊन बघाच.

आणि वाळलेली शेंग हलवून वाजली नाही तर बाजूला भोक आहे का बघा. असेल तर बिया आधीच कोणीतरी फस्त केलेल्या असतात, बहुतेक पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेल्या पतंगाच्या अळीने.