सर्व्हरवर डेस्कटॉप टाकावा का? जिनिंगच्या काट्यावरचा अनुभव

पांढरकवडा परिसरातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या नोंदींसाठी सर्व्हर बसवून देण्याचे काम मला मिळाले, तेव्हा माझे लिनक्सचे ज्ञान वर्गात शिकवले तेवढेच होते. चार जीबी रॅमचा जुना संगणक, त्यावर मारियाडीबी (नोंदी साठवणारा डेटाबेस) आणि त्याला जोडलेले काटाघर व कार्यालयातील दोन संगणक, एवढाच तो पसारा होता. काळ्या पडद्यावर कमांड लिहिण्याची धास्ती असल्यामुळे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना इन्स्टॉलरमधील डेस्कटॉपसमोरची, म्हणजे चिन्हे आणि माउसने चालणाऱ्या पडद्यासमोरची, खूण मी तशीच राहू दिली.

बसवण्याच्या दोन दिवसांत सर्व सुरळीत चालले. मी गावी परतलो त्याच दुपारी काटेवाल्याचा फोन आला, "भाऊ, काटापट्टी निघूनच नाही राह्यली, मशीन झोपली वाटते." बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्याने कीबोर्डची कळ दाबताच यंत्र जागे झाले आणि थोड्या वेळाने पुन्हा झोपले. मी आधी केबलवर, मग स्विचवर आणि शेवटी यूपीएसवर संशय घेतला, कारण आमच्याकडे काहीही बिघडले की पहिला आरोप विजेवरच होतो.

खरे कारण डेस्कटॉपमध्ये होते. डेबियनबरोबर येणाऱ्या डेस्कटॉपचे नाव ग्नोम. 2018 मध्ये आलेल्या ग्नोम 3.28 पासून, थेट विजेवर चालणारा संगणकही ठरावीक वेळ (त्या आवृत्तीत 20 मिनिटे) कोणी हाताळला नाही तर आपोआप निद्रावस्थेत जावा, असे मूळ सेटिंग आहे. नेटवर्कवरून येणाऱ्या नोंदींना ते हाताळणे मानत नाही. त्याला कीबोर्ड किंवा माउस हलायला हवा. मी बसवत असताना माउस माझ्या हातात होता, म्हणून दोष दिसला नाही. त्यावर कडी म्हणजे माझ्या खात्यातील सेटिंग बंद करूनही यंत्र झोपतच राहिले, कारण लॉगिनच्या पडद्याचे सेटिंग स्वतंत्र असते. अखेर सिस्टमडीमधील (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेतील) निद्रेची टार्गेट्सच मास्क केली, म्हणजे पूर्ण बंद करून टाकली, आणि यंत्र डेस्कटॉपशिवाय सुरू व्हावे म्हणून मल्टी-युजर टार्गेट कायमचे लावले.

डेस्कटॉपमुळे रॅम वाया जाते, अद्ययावत ठेवण्याची पॅकेजेस वाढतात आणि त्यांच्याबरोबर सुरक्षेतील फटीही वाढतात, ही कारणे नवशिक्याला कोणीही सांगतो आणि ती खरी आहेत. मला मात्र त्याहून मोठी अडचण ही वाटते की डेस्कटॉप समोर माणूस बसला आहे असे गृहीत धरून बनवलेला असतो, आणि सर्व्हरसमोर बहुधा कोणीच नसते.

दुसरा फरक मला मोबाइलच्या इंटरनेटमुळे कळला. दूरस्थ डेस्कटॉपला पडद्याचे चित्र सतत पाठवावे लागते, तर एसएसएचवरून (दुरून कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीवरून) फक्त अक्षरे जातात. त्यामुळे आमच्या गावात रेंजची एक काडी असतानाही काम होते. जोडणी मध्येच तुटली तरी टीमक्स या प्रोग्रॅममध्ये सुरू केलेले काम सर्व्हरवर चालूच राहते, म्हणून बॅकअप किंवा अपग्रेड त्याच्याशिवाय सुरू करू नये. शिवाय दिलेली कमांड वहीत उतरवून पुढच्या हंगामात जशीच्या तशी वापरता येते. कुठे कुठे क्लिक केले होते, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. चित्ररूप माहिती हवीच असेल तर कॉकपिट हे सर्व्हर सांभाळण्याचे वेबपान बसवावे. ते 9090 या पोर्टवर चालते आणि आपल्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडते. फक्त ते पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

तरीही डेस्कटॉप सरसकट वाईट म्हणता येत नाही. त्याच जिनिंगमधील हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, मुनीम त्याच यंत्रावर बसतात, आणि तेथे पडदा काढण्याचा प्रश्नच येत नाही. विंडोज सर्व्हर घेताना मात्र सर्व्हर कोर (डेस्कटॉप नसलेला प्रकार) की डेस्कटॉप हे आधीच ठरवावे, कारण 2016 च्या आवृत्तीपासून एकातून दुसऱ्यात जायचे तर पुन्हा इन्स्टॉल करावे लागते. 2012 च्या आवृत्तीत ही अदलाबदल करता येत असे.

डेस्कटॉपच्या बाजूने एक मुद्दा मला मनापासून पटतो: अडचण आली तर काटेवाल्याला फोनवर "वर उजवीकडचे चिन्ह दाबा" असे सांगता येते, पण लांबलचक कमांड अक्षर-अक्षर सांगणे दोघांच्याही जिवावर येते. म्हणून डेटाबेस चालू आहे का, डिस्कवर किती जागा उरली आणि कालचा बॅकअप झाला का, हे दाखवणारी एक लहान स्क्रिप्ट मी लिहिली आणि तिला चार अक्षरी नाव दिले. ते नाव काटाघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहे. काटेवाला ते टाइप करतो आणि आलेल्या तीन ओळी मला फोनवर वाचून दाखवतो.