डुंडीगलला जाण्याआधी: घरच्या सिम्युलेटरवर काय घोटवायचे आणि काय मुळीच नाही

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये निवड झालेल्यांची, आणि त्या वाटेवर असलेल्यांचीही, घरातल्या सिम्युलेटरबद्दल दोन टोकाची मते असतात. एक म्हणतो, ३०० तास झाले, आता विमान येतेच. दुसरा म्हणतो, हा खेळ आहे, बंद करा. दोघेही चुकतात. सिम्युलेटर क्रम शिकवतो, आकडे तोंडपाठ करून घेतो, हात-पाय एकाच वेळी हलवायला लावतो. विमान अंगाला कसे जाणवते ते मात्र तो शिकवू शकत नाही, आणि नजर नेमकी चुकीच्या जागी खिळवून ठेवतो. हे ध्यानात ठेवून सराव केला तर हैदराबादजवळ डुंडीगलला असलेल्या एअर फोर्स अकादमीत पहिल्या आठवड्यांत डोक्यावरचा भार हलका होतो. नाही केला, तर इन्स्ट्रक्टरला आधी तुमच्या सवयी खरवडून काढाव्या लागतात.

काही विकत घेण्याआधी टेप काढा

फ्लाइंग ब्रँचसाठी उंची किमान १६२.५ सेमी लागते. पायाची लांबी ९९ ते १२० सेमी, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेमी, आणि मांडीची लांबी ६४ सेमीपेक्षा जास्त चालत नाही. कॉकपिटची जागा ठरलेली असते, त्यात शरीर बसावे लागते. हे घरी भिंतीला टेकून मोजता येते. पेडलवर पैसे घालण्याआधी ही १० मिनिटे घालवावीत.

एएफएसबीत, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळात, पायलट होऊ पाहणाऱ्यांची सीपीएसएस ही संगणकावरची पायलट-निवड चाचणी होते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तिचा एक भाग उपकरणे वाचण्याचा असतो: अल्टिमीटर, कंपास, कृत्रिम क्षितिज यांची चित्रे पाहून विमान कुठे आणि कसे चालले आहे ते ओळखायचे. दुसरा हात, पाय, डोळे आणि कान यांच्या मेळाचा. पहिल्यासाठी गोल डायलचे विमान निवडा, काचेच्या पडद्याचे नको. काट्यांचा अल्टिमीटर एका नजरेत वाचता आला पाहिजे. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे छोटा काटा न पाहता १००० फुटांनी चुकणे. दुसऱ्या भागासाठी पेडल वापरण्याची सवय उपयोगी पडते. गुण वाढण्याची हमी मात्र कोणी देत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

मांडणी

डुंडीगलला सुरुवातीचे प्रशिक्षण पिलाटस पीसी-७ मार्क २ वर होते. २०१२ मध्ये अशा ७५ विमानांचा करार झाला आणि २०१३ पासून ती अकादमीत आहेत. एचएएलच्या ७० एचटीटी-४० प्रशिक्षण विमानांचा करार २०२३ चा. दोन्हींत स्टिक मांड्यांच्या मध्ये असते आणि थ्रॉटल डाव्या हाताला. म्हणून प्रवासी विमानासारखे योक (हँडलसारखे चाक) घेऊ नका. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलेली जॉयस्टिकही नको. थ्रस्टमास्टर टी-१६०००एम सारखी दोन्ही हातांनी चालणारी स्टिक फळीवर बसवा आणि फळी खुर्चीच्या पुढच्या कडेला घट्ट बांधा, म्हणजे स्टिक गुडघ्यांच्या मध्ये येईल. कोपर मांडीवर टेकवता आले पाहिजे. तसे टेकले तरच बारीक हालचाल मनगटाने होते, नाहीतर अख्खा दंड हलतो.

रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे नेणारी शेपटीवरची झडप, पायाने पेडल दाबून चालते. स्टिक फिरवून रडर देण्याची सोय असते, ती सेटिंगमधून बंद करा. हाताने रडर देण्याची सवय लागली की पाय मरतात. पेडल हवीतच. चाकाची खुर्ची पेडल दाबताच मागे पळते, म्हणून साधी लाकडी खुर्ची घ्या किंवा खुर्चीचे पाय आणि पेडल एकाच फळीवर अडकवा.

स्टिकचा प्रतिसाद सरळ रेषेत ठेवा, मध्यभागी २-३ टक्के डेड झोन (जिथे हालचालीचा परिणाम होत नाही) पुरे. ‘सोपे’ करणारे सगळे बंद: आपोआप रडर, आपोआप ट्रिम (स्टिकवरचा दाब काढून टाकणारी सोय), न संपणारे इंधन. एक्स-प्लेनमध्ये स्थिरता वाढवणारे स्लायडर शून्यावर आणा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मदतीची पातळी ‘वास्तव’कडे सरकवली तरी प्रत्येक ओळ उघडून पाहा, एखादी मदत चालू राहिलेली असते.

दृष्टिक्षेत्राची रुंदी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेमी रुंद असतो. तो ६० सेमीवरून पाहिला तर डोळ्यात सुमारे ४८ अंशांचे चित्र मावते. सिम्युलेटर त्याच पडद्यात ७०-८० अंश कोंबत असेल तर धावपट्टी लहान आणि लांब दिसते, उंचीचा अंदाज फसतो आणि उतरताना चाके आपटतात. मग माणूस महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देतो. झूम करून रुंदी ५० अंशांच्या आसपास आणा. त्यामुळे आजूबाजूचे दिसेनासे होते, त्यावर उपाय म्हणजे डोके वळवले की चित्र वळवणारे ओपनट्रॅक. ते फुकट आहे आणि साध्या वेबकॅमवर चालते.

पहिले दोन आठवडे: डायल झाकून

विमान सेसना १७२. लढाऊ विमानाचा मोह आवरा. ज्याला सेसना १०० फुटांच्या आत सरळ ठेवता येत नाही, त्याला वेगवान विमानात फक्त चूक लवकर करता येते.

लोहगावची धावपट्टी २८ निवडा. पुण्याचा विमानतळ १९४२ फुटांवर आहे, डुंडीगलही साधारण २००० फुटांवर, म्हणजे हवेचा पातळपणा जवळपास सारखा. वारा शून्य, आकाश निरभ्र. ३००० फूट उंचीवर विमान सरळ न्या. आता पुठ्ठ्याचा तुकडा कापून वेग आणि इंजिनचे फेरे सोडून बाकी सगळे डायल झाका. क्षितिज काचेवर कुठे येते तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. तो क्षितिजाशी राहील असे पाच मिनिटे उडवा आणि मग पुठ्ठा काढून उंची पाहा. पहिल्या दिवशी ३००-४०० फूट सरकलेले असाल. १०० च्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नका.

हे कंटाळवाणे आहे, पण घरी शिकलेल्यांचा सर्वांत मोठा दोष याच सरावाने जातो. पडद्यावर डायल स्पष्ट आणि बाहेरचे चित्र धूसर असते, म्हणून नजर आत खिळते. प्रशिक्षण विमानात सुरुवातीला सगळे बाहेरच्या क्षितिजावर चालते, आत नजर फक्त खात्रीपुरती.

ट्रिमची खोड वेगळी. खऱ्या विमानात स्टिक जिथे धरली आहे तिथेच ठेवून ट्रिम फिरवायचा, हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत. घरच्या स्टिकची स्प्रिंग तिला नेहमी मध्यावर ओढते, त्यामुळे ट्रिम फिरवता फिरवता स्टिक मध्यावर सोडत जावी लागते. ही हालचाल खोटी आहे हे माहीत असू द्या. खरा आहे तो क्रम: आधी नाक, मग शक्ती, मग ट्रिम. ट्रिमने विमान चढवणे-उतरवणे ही वाईट सवय, आणि सिम्युलेटरमध्ये ती हमखास लागते.

सर्किट

आता पुढचे तीन आठवडे फक्त सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून पुन्हा उतरणे. अल्टिमीटरवर क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाचा हवेचा दाब) लावला की जमिनीवर १९४२ दिसले पाहिजे. सर्किटची उंची जमिनीपासून १००० फूट, म्हणजे डायलवर सुमारे २९५०. डाव्या सर्किटच्या दिशा आधी तोंडाने म्हणा: २८० (उड्डाण), १९० (आडवी बाजू), १०० (डाउनविंड, धावपट्टीला समांतर पण उलट), ०१० (बेस), पुन्हा २८० (फायनल).

पूर्ण शक्ती, ५५ नॉटला नाक उचला, ७४ ला चढा. नाक डावीकडे ओढते, उजवा पाय द्यावाच लागतो. २४५० फुटांवर डावे वळण. डाउनविंडला २३०० फेरे, वेग ९५ च्या आसपास. धावपट्टीचे टोक खांद्याशी आले की १५०० फेरे, १० अंश फ्लॅप (पंखामागच्या झडपा), नाक धरून ठेवून वेग उतरू द्या. टोक मागे ४५ अंशांवर दिसले की बेस, ७५ नॉट, २० अंश. फायनलला पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट. ३ अंशांच्या उतारासाठी जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा: ७० नॉट असेल तर मिनिटाला ३५० फूट. काचेवर जो ठिपका वर-खाली सरकत नाही, तिथे तुम्ही पोहोचणार. तो धावपट्टीच्या आकड्यांवर हवा. वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकत असेल तर पुढे जाणार.

बेसवरून फायनलला वळताना उशीर झाला की माणूस वळण घट्ट करतो. ६० अंश कलल्यावर विमानावर २ जी (वजनाच्या दुप्पट भार) येतात आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो, ४१ टक्क्यांनी वाढतो: फ्लॅपविना ४८ नॉटचा ६८ होतो. फायनलच्या ६५ नॉटला हे करून पाहा, ‘३० अंशांपलीकडे कलायचे नाही, चुकले तर पुन्हा फेरी’ हा नियम पाठ न करता लक्षात राहील.

शांत हवेत सलग पाच सर्किटे उंचीत ±१०० फूट आणि वेगात ±५ नॉट राहिली की हवामान बदला. एप्रिलची दुपार, ३८ अंश. १९४२ फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश असते, आपण २७ ने वर आहोत. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर इंजिनाला आणि पंखांना ५००० फुटांहून वर असल्यासारखे वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. मग १० नॉटचा आडवा वारा.

मध्येच पॉज दाबणे, चूक झाली की पुन्हा लोड करणे, बाहेरचा कॅमेरा, जीपीएसचा नकाशा, सगळे बंद. चूक झाली तर ती हवेतच निस्तरा. तासाभराच्या उड्डाणात पॉज नसतो.

टर्बोप्रॉपची ओळख

पीसी-७ मध्ये ७०० अश्वशक्तीचे पीटी-६ टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारे टर्बाइन) इंजिन आहे. त्याच कुळातले इंजिन सेसना कॅरॅव्हॅनमध्ये आहे, म्हणून शेवटचे दोन आठवडे ते घ्या. तीन गोष्टी पाहायच्या. सुरू करताना गॅस जनरेटरचे (इंजिनातला हवा दाबणारा भाग) फेरे १२ टक्क्यांवर गेल्याशिवाय इंधन द्यायचे नाही. हवा कमी आणि इंधन जास्त झाले की आतले तापमान उसळते, इंजिन भाजते. दुसरे, शक्ती मागितल्यावर ती क्षणभर उशिरा येते, म्हणून फायनलला थ्रॉटल पूर्ण मागे ओढून बसू नका. तिसरे, शक्ती वाढली की उजवा पाय, कमी केली की डावा. विमान आडवे घसरते का ते दाखवणारा डायलमधला बॉल मध्यावर ठेवणे हे पायांचे सततचे काम होते.

स्पिन (स्टॉल होऊन गरगरत खाली पडणे) मात्र घरी घोटवू नका. सिम्युलेटरचे गणित तिथे कच्चे असते आणि बाहेर पडण्याचा क्रम प्रत्येक विमानाचा वेगळा. अकादमी शिकवेल तोच क्रम पहिला आणि एकमेव डोक्यात असावा.

तोंड आणि खुर्ची

बहुतेक नवशिक्यांचे हात चालतात, पण बोलायची वेळ आली की विमान भरकटते. त्यासाठी व्हॅटसिम हे सिम्युलेटरवाल्यांचे ऑनलाइन हवाई नियंत्रणाचे जाळे फुकट आहे. आधी आठवडाभर नुसते ऐका. मग साधी परवानगी मागा आणि आलेला आदेश जसाच्या तसा परत म्हणा. आकडे एकेक सुटे: २८० म्हणजे ‘टू एट झीरो’, ९ म्हणजे ‘नायनर’. मांडीवर ए-५ मापाचा बोर्ड इलॅस्टिकने बांधा आणि आदेश येताच पेन्सिलीने टिपा. तिथली भाषा नागरी उड्डाणाची असते, हवाई दलाची थोडी वेगळी. सवय लागते ती ऐकत-लिहीत-उडवत राहण्याची.

याहून मोलाचे काम संगणक बंद करून होते. खुर्चीत बसा, डोळे मिटा, अख्खे सर्किट तोंडाने म्हणत हात-पाय हलवा. घड्याळ लावा. खऱ्या सर्किटला जेवढा वेळ लागतो तेवढाच इथे लागला पाहिजे. दोन मिनिटांत संपले तर काहीतरी गाळले आहे. अकादमीत संगणक नसेल, खुर्ची असेल. पायलट्स नोट्स (विमान चालवण्याची पुस्तिका) मात्र आधी मिळवायला जाऊ नका, ओळखीच्या सीनियरकडेही मागू नका. त्या तिथेच आणि योग्य वेळी मिळतात.

एकूण वेळ आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ४५ मिनिटे. त्यानंतर वहीत तीन ओळी: काय चुकले, का, उद्या काय. उरलेला वेळ मैदानावर घालवा. एएफएसबीला जाताना १.६ किमी १० मिनिटांत, १० पुश-अप्स आणि ३ चिन-अप्स ही अपेक्षा असते. अकादमीसाठी ती फारच तोकडी, म्हणून तीन-चार किमी रोज पळा आणि पोहायला शिका. जी-भार सहन करायला पाय, पोट आणि मान लागतात, तेव्हा बैठका सोडू नका. श्वास रोखून जी-ताणाचा सराव मात्र घरी करू नये, चक्कर येते. व्हीआरमध्ये मळमळ झाली नाही म्हणून खऱ्या विमानात होणार नाही असेही नाही. झाली तर लपवू नका, इन्स्ट्रक्टरला आणि डॉक्टरला सांगा. त्यावर उपचार आहेत.

निघण्याच्या आठवड्यात ऑनलाइन खाती चाळा. कोर्स, तारीख, ठिकाण असलेल्या पोस्ट काढा, मल्टिप्लेअरच्या गटांतून बाहेर पडा. तिथले अनोळखी ‘विमानप्रेमी’ पुढे काय विचारू लागतील याचा भरवसा नसतो. जॉइनिंग इन्स्ट्रक्शनमधली यादी तंतोतंत भरा, त्यात स्वतःची भर घालू नका. मांडीचा बोर्ड आणि ती वही चालत असेल तर बॅगेत टाका. स्टिक आणि पेडल धाकट्या भावंडाला देऊन टाका.